देह एक, फायली दोन

हृदयविकार माझा जुना सोबती. यंदा त्यात मधुमेहाची भर पडली. आता डॉक्टर दोन, फायली दोन. देह मात्र एकच! हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर गोळी छातीतली धडधड दाबते. साखर फार उतरल्याची एक ठळक खूण म्हणजे ही धडधडच. ती दबली की सावध करायला घाम तेवढा उरतो. उलट, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीने हृदयरोगी मधुमेह्यांतले हृदयविकाराचे मृत्यू घटतात, हे २०१५ साली दिसून आले. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सर्व गोळ्यांची एकच यादी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवावी. विद्यार्थी मित्रहो, कुंद्याचा आग्रह आम्ही मोडू; पण घरातल्या वडीलधाऱ्यांची ही यादी तेवढी तुम्ही आजच लिहून द्या.