शंभर रुपये की वीस टक्के?

जून महिन्यात शाळा सुरू होतात. दप्तर, बूट, छत्री आणि वह्या घेण्यासाठी बाजारात गर्दी होते. एका दुकानावर फलक असतो, 'प्रत्येक वस्तूवर १०० रुपये सूट.' समोरच्या दुकानावर लिहिलेले असते, '२० टक्के सूट.' गिऱ्हाईक गोंधळात पडते. कोणत्या दुकानात जावे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर फलकावर नसते. ते वस्तूच्या किमतीत असते. दोन्ही दुकानांत मूळ किंमत सारखीच आहे असे धरू. ३०० रुपयांचे दप्तर पहिल्या दुकानात २०० रुपयांना मिळेल. दुसऱ्या दुकानात ६० रुपयेच कमी होतील आणि २४० रुपये द्यावे लागतील. पण ८०० रुपयांच्या बुटांवर २० टक्के म्हणजे १६० रुपये सूट मिळेल. तेथे दुसरे दुकान फायद्याचे ठरेल. ५०० रुपयांच्या वस्तूवर मात्र दोन्ही सवलती सारख्याच. थोडक्यात, वस्तू स्वस्त असेल तर ठरावीक रक्कम बरी आणि महाग असेल तर टक्के बरे.

फलकावरचे लहान शब्दही नीट वाचावेत. '५० टक्क्यांपर्यंत सूट' यात 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. सगळ्याच वस्तूंवर ५० टक्के सूट असेल असे नाही. तसेच '२० टक्के आणि त्यावर १० टक्के' म्हणजे ३० टक्के नव्हे. ५०० रुपयांचे आधी ४०० होतात, मग त्यावर १० टक्के कमी होऊन ३६० होतात. म्हणजे एकूण सूट २८ टक्केच. शिवाय पाकिटावरील छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. एखादा दुकानदार फलक न लावताही तीच वस्तू कमी किमतीत देऊ शकतो.

काही जण म्हणतात, "चार पैशांसाठी एवढा हिशेब कशाला?" मला हे पटत नाही. रोजच्या मजुरीवर ज्या घरची चूल पेटते, त्या घरात ४० रुपयांचेही मोल असते. घरातील वडीलधाऱ्यांना शेकडेवारी येतेच असे नाही. तुम्ही ती शाळेत शिकला आहात. मग हे गणित फक्त परीक्षेपुरते का ठेवावे?

म्हणून खरेदीला जाताना आईवडिलांबरोबर तुम्हीही जा. किती सूट मिळाली यापेक्षा खिशातून किती पैसे जाणार, हे आधी पाहा. आणि ज्या वस्तूची गरजच नाही, ती कितीही सूट मिळाली तरी महागच समजा.