अकरा महिन्यांचं जेवणघर

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू नये, हा विचार जगात प्रथम कुणाच्या डोक्यात आला, कोण जाणे! पण ज्याच्या कुणाच्या डोक्यात आला, त्याची स्वतःची भिंत होती आणि त्या भिंतीला भरपूर खिळे होते, एवढं मी पैजेवर सांगायला तयार आहे. भिंतीला भोक पडण्याची काळजी भिंतवाल्यांनाच. आम्हां बिनभिंतवाल्यांना काळजी असते ती गरम पातेलं कुठे टेकवायचं याची.

विषय तसा साधा आहे. आम्हाला आमचं जेवणघर सजवायचं आहे. 'जेवणघर' हा शब्दही मी जरा सढळ हातानंच वापरतोय. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आठ फूट बाय सात फूट अशी एक जागा उरली आहे. बिल्डरच्या नकाशात तिला 'डायनिंग' म्हटलंय. तिच्या एका बाजूला बेसिन, दुसऱ्या बाजूला बाथरूमचं दार, तिसऱ्या बाजूला फ्रीज आणि चौथी बाजू जा-ये करण्यासाठी मोकळी. राहिलेल्या जागेत चार माणसांनी जेवायचं आणि शिवाय एकमेकांशी प्रेमानं वागायचं.

आता ही जागा जरा नीट करावी म्हटलं, की तीन दिशांनी तीन शत्रू चालून येतात.

पहिला शत्रू नातेवाईक. "कशाला उगाच खर्च करता? आपलं थोडंच आहे!" हे वाक्य आमच्या एका मावशी दर भेटीत म्हणतात, आणि तेही आम्ही केलेली साबुदाण्याची खिचडी खाता खाता. मला मावशींना एवढंच विचारायचंय, की तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो? दीड दिवसाचा. त्या दीड दिवसासाठी तुम्ही आठवडाभर आधी माळ्यावरून मखर उतरवता, दिव्यांच्या माळा सोडता, पडदा बदलता. "दीड दिवसासाठी कशाला? त्याचं थोडंच घर आहे हे?" असं तुम्ही म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. लग्नाचा मांडव तर एका दिवसाचा. तिथे फुलांचा खर्च विचारायची सोय नाही. आणि आम्ही? अकरा महिने म्हणजे झाले सुमारे ३३५ दिवस. दोन वेळचं धरलं तर ६७० जेवणं. चार माणसांची मिळून २,६८० पानं! एवढी पानं ज्या जागेत उठणार, तिला एक बरासा दिवा लावू नये?

"स्वतःचं झालं की करा हौसेनं," ही याच वाक्याची पुढची ओळ. ही जास्त धोक्याची, कारण ती मायेनं म्हटलेली असते. स्वतःचं घर होईल तेव्हा होईल. त्यानंतर वीस वर्षं हप्ते. तोवर ज्यांच्यासाठी हौस करायची ती मुलं कुठल्या तरी परगावी, दुसऱ्या कुणाच्या भाड्याच्या खोलीत, पलंगावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवत असणार. आमची धाकटी नऊ वर्षांची आहे. तिला जेवायला बसताना पाय हलवायची सवय आहे, ती आत्ता आहे. भाजी कुठली म्हणून ती आत्ता विचारते. माणसाचं बालपण 'स्वतःचं झालं की' सुरू होत नाही हो! ते भाड्याच्या घरात चालू होतं आणि करारासारखं वाढवूनही मिळत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे सजावटीची रंगीत मासिकं. त्यांच्याशी भांडण तत्त्वाचं नाही, फुटपट्टीचं आहे. टेबलाची उंची तीस इंच, माणशी जागा चोवीस इंच, आणि खुर्ची मागे ओढून उठायला तीन फूट मोकळे, असं त्यांचं माप. माप चुकीचं नाही. पण अडीच फुटी टेबल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट धरले, की बेरीज होते साडेआठ फूट. आमची लांबातली लांब भिंत आठ फुटांची. म्हणजे एका माणसानं जेवणातला अर्धा फूट भाग बाथरूममध्ये बसून उरकावा, अशी योजना आहे. यावर खरा उपाय एकच : भिंतीला बिजागरीनं जोडलेलं घडीचं टेबल. जेवताना पाडावं, जेवून झालं की उचलावं. पण त्याला भिंतीत सहा स्क्रू लागतात. आणि इथे तिसरा शत्रू उभा राहतो.

तिसरा शत्रू म्हणजे करार. आमचे घरमालक माणूस म्हणून सज्जन आहेत. दिवाळीला फराळाचं ताट पाठवतात. पण त्यांच्या करारात नववं कलम आहे : भिंतीस खिळा, स्क्रू, हूक अथवा तत्सम वस्तू लावू नये. या 'तत्सम'मध्ये काय काय येतं ते मी एकदा नम्रपणे विचारलं. "बघा, भिंत आहे तशी परत मिळाली म्हणजे झालं," ते म्हणाले. आहे तशी म्हणजे कशी, हे त्या भिंतीलाही सांगता येणार नाही. तिच्यावर आधीच्या बिऱ्हाडाचा एक खिळा आहे. तो आम्हाला वारसाहक्कानं मिळाला. त्यावर आम्ही 'कालनिर्णय' टांगलंय. १९७३ साली निघालेलं हे कॅलेंडर मराठी जेवणघराची सर्वांत जुनी सजावट असावी. पुढे तिथी, मागे पाककृती, आणि मध्ये दूधवाल्याचे खाडे.

आता कायदा काय म्हणतो? तोही मी वाचून काढलाय. भाडेकरूला रात्रीचा दुसरा उद्योग काय? १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १०८वं कलम आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर भाडेकरूनं स्वतः जोडलेल्या वस्तू तो काढून नेऊ शकतो, फक्त जागा घेतली तशी परत द्यायची. आणि परत देताना वाजवी वापरानं झालेली झीज माफ. म्हणजे सव्वाशे वर्षांहूनही आधी इंग्रज सरकारला कळलं होतं, की माणूस राहिला की घर थोडं झिजणारच. आमच्या घरमालकांना ते अजून पटायचंय.

पण थांबा, गंमत पुढेच आहे. आम्ही भाडेकरू नाहीच! आमचा करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा. त्याच १८८२ साली झालेल्या सुविधाधिकार कायद्यातून आलेला हा परवाना. म्हणजे आम्ही परवानाधारक. मोटार चालवायला परवाना लागतो, बंदूक बाळगायला लागतो, एके काळी रेडिओ ऐकायलाही लागायचा. मला फक्त वरणभात खायचाय!

आणि हे अकरा महिने तरी कुठून आले? १९०८च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याचं ५५वं कलम सांगतं, की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. म्हणजे पळवाट बुजली, तरी तिच्यावरची वर्दळ काही थांबली नाही. दर अकरा महिन्यांनी आम्ही अंगठे उमटवतो, आणि दर अकरा महिन्यांनी आमचं घर पुन्हा आमचं नसतं.

घरमालकांच्या भीतीलाही कारण आहे, हे मी नाकारत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी मुंबई भाडे कायद्याखाली जे परवानाधारक जागेत होते, ते दुरुस्तीनं कायमचे भाडेकरू ठरले. तेव्हापासून घरमालकांच्या मनात धास्ती बसली, की हा मनुष्य एकदा रुजला की उपटणार नाही. पण महाराज, आता नोंदवलेला करार तुमच्या कपाटात आहे, अनामत रक्कम तुमच्या बँकेत आहे. माणूस कागदानं रुजतो किंवा उपटतो. अर्ध्या इंची खिळ्यानं कुणी जागा बळकावल्याचा दाखला नाही.

तोवर आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. घरमालकांची ट्यूब उतरवून माळ्यावर ठेवली. तिच्या पांढऱ्याफटक उजेडात वरण आजारी दिसायचं आणि भेंडी संशयास्पद. आता टेबलाजवळच्या होल्डरमध्ये नऊ वॅटचा पिवळसर दिवा आहे. घेताना खोक्यावर २,७०० किंवा ३,००० केल्व्हिन हा आकडा बघावा. ६,५०० लिहिलेला घेतलात तर पुन्हा दवाखाना. घर सोडताना दिवा आमच्याबरोबर, ट्यूब जागेवर. बाथरूमच्या दारापुढे स्प्रिंगचा दांडा आहे. तो दोन भिंतींमध्ये नुसत्या दाबानं उभा राहतो, खिळा लागत नाही. त्यावर हिच्या आईच्या जुन्या इरकलीचा पडदा. टेबल भिंतीला टेकवलं, तीन बाजूंना तीन खुर्च्या आणि कोपऱ्यावर स्टूल. स्टुलावर कोण बसतं ते सांगायला नको.

आणि सणावारी टेबलच बाजूला सारतो आणि पाट मांडतो. पूर्वीच्या घरांत वेगळं जेवणघर क्वचितच असायचं. पाट मांडले की माजघराचं जेवणघर व्हायचं, उचलले की पुन्हा माजघर. पाटाभोवती रांगोळी, बाजूला उदबत्ती. भिंतीला हात न लावता केलेली आणि जेवण झालं की पुसली जाणारी सजावट! जेवणाची जागा सजवणं ही काही श्रीमंतांची नवी चैन नाही. आमच्या करारात रांगोळीला बंदी नाही. बहुधा सुचलं नसावं.

पण हे सगळं झालं तरी एक गोष्ट उरतेच. धाकटीनं शाळेत आम्हा चौघांचं जेवतानाचं चित्र काढलं. चित्रात टेबल भलतं मोठं आहे आणि मी स्टुलावर नाही. तिनं ते भिंतीजवळ नेलं, थबकली आणि आम्हाला न विचारताच फ्रीजवर लावलं. "भिंत त्यांची आहे ना. फ्रीज आपला," म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीला कराराचं नववं कलम पाठ आहे. माझा राग आहे तो यावर. भोक भिंतीला पडू नये म्हणून जपलं, ते कुठे पडलं याचा हिशेब कुणी ठेवायचा?

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती सर्व घरमालकांपुढे मी ठेवतो. प्रत्येक करारात एक कलम वाढवा : परवानाधारकास जेवणाच्या जागेत चार खिळे मारण्याची मुभा राहील. जाताना त्यानं ते उपटावेत, भोकात पुट्टी भरावी, वर रंगाचा हात मारावा. न मारल्यास अनामत रकमेतून जरूर कापा. एक खिळा घड्याळाला, एक दिव्याला, एक देवाच्या तसबिरीला आणि एक पोरांनी काढलेल्या चित्राला. तुमची भिंत तुम्हाला परत मिळेल. आमची ६७० जेवणं मात्र कुणीच परत देणार नाही.