हिमसागरातील मासा आणि आमचे तलाव

आमच्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, ते यथार्थच आहे. तथापि ‘मासा तो मासा, या पाण्यातला काय नि त्या पाण्यातला काय!’ असे उद्गार येथेही कानी पडतात. हा समज किती भ्रामक आहे, हे दक्षिण ध्रुवाजवळील मासे उत्तम प्रकारे शिकवितात.

तेथील समुद्राचे पाणी शून्याखाली सुमारे १.८ अंशांपर्यंत थंड असते. माशाचे मांस म्हणजे सूक्ष्म स्नायुतंतूंच्या जुड्या. मासा वाढू लागला, की एकतर नवे तंतू उत्पन्न होतात, किंवा असलेले तंतू जाड होतात. तेथील नोटोथेनिया वर्गाच्या माशांत तंतूंची संख्या थोडी राहते. मात्र काही जातींत एकेक तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड होतो. असे का व्हावे? तंतूच्या आवरणातून क्षारांचे कण सतत पाझरतात आणि ते पुन्हा जागच्या जागी नेण्यास शक्ती वेचावी लागते. थोड्या व जाड तंतूंचे एकूण आवरण कमी, म्हणून हा खर्चही कमी, असे अभ्यासक मानतात. थंडीमुळे देहव्यापार मंद चालतात. त्यामुळे जाड तंतूच्या गाभ्यालाही प्राणवायू पुरतो. परंतु ही काटकसर त्या थंडीपुरतीच! तेथील काही मासे पाणी सहा-सात अंशांवर गेले तरी जगत नाहीत.

आता आमच्या तलावांकडे पाहा. वैशाखात पाणी आटते, तापते आणि त्यातील प्राणवायू उणा होतो. अशा वेळी मरळ व मांगूर पृष्ठभागी येऊन हवाच ग्रहण करतात. त्यांची घडणही तितकीच नेमकी आहे. मग हाती येईल ते परके बीज तलावात सोडणे शहाणपणाचे कसे? गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, आणि कित्येक देशी मासे त्याच वनस्पतींच्या आश्रयाने अंडी घालतात.

शीघ्र वाढणाऱ्या माशांमुळे ढिवर बांधवांच्या पदरी चार पैसे पडतात, हे खरे आहे व ते पडलेच पाहिजेत. परंतु त्यासाठी देशी माशांचे घर मोडण्याचे कारण नाही. भंडारा-गोंदिया भागात ढिवर स्त्रीपुरुषांनी तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. हाच मार्ग मला श्रेयस्कर वाटतो.

विद्यार्थिमित्रहो, ध्रुवापर्यंत जाणे आपणांस दुष्कर आहे. पण गावच्या तलावातील माशांची नावे वृद्ध ढिवरांना विचारून वहीत उतरविणे मुळीच कठीण नाही. जे नावानिशी ठाऊक नसते, ते नाहीसे झाले तरी कोणास कळत नाही.