पायाळू, आडवं आणि नववा महिना

टेंभुर्णी-जाफराबादकडे कंबरेत उसण भरली की अजूनही कुणीतरी सुचवतंच, पायाळूची लाथ घे. बोअरची जागा ठरवायला पायाळू माणसाला शेतातून फिरवणारेही आहेत. त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणे. दिसत असेल! पण हे कौतुक जगलेल्या पायाळूंचं. जन्मतानाच गेले, त्यांच्या लाथेचा गुण कोण सांगणार?

सातव्या महिन्यात चार-पाच बाळांमागे एक पायाकडून किंवा ढुंगणाकडून, म्हणजे पायाळू असतं. बहुतेक आपसूक फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. आडवं तीनशेत एखादं. गर्भपिशवीची ठेवण, तिच्यातली गाठ, पाणी कमी-जास्त, वार खाली, जुळं, बऱ्याच बाळंतपणांनी सैल पडलेलं पोट, अशी कारणं असतात. पुष्कळदा काहीच सापडत नाही. घरात मात्र कारण तयार असतं: ग्रहणात बाहेर पडली, नीट निजली नाही. सासूबाई, यात सुनेचा काडीचा दोष नाही.

पायाळू बाळाचं धड आधी येतं आणि सगळ्यात मोठा भाग, डोकं, शेवटी. ते अडकलं की हाताशी मिनिटंच उरतात. आडवं बाळ तर खालून येऊच शकत नाही. कळा चालू राहिल्या तर हात बाहेर येतो, पिशवी फाटते, आणि मग आईही हातची जाते. पायाळूंबाबत २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. आधीच ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजा होण्याचं प्रमाण १.६ टक्के, खालून करायचं ठरवलं तिथे ५ टक्के. त्यावर वाद पुष्कळ झाले. सरावलेल्या हातांनी निवडक पायाळू आजही खालून होतात. पण तसे हात कमी होत चाललेत. तेव्हा ‘पैशासाठी पोट फाडलं’ हे वाक्य निदान इथे तरी जपून वापरावं.

माझा आग्रह छत्तिसाव्या आठवड्यातल्या तपासणीचा आहे. बाळ पायाळू असेल तर सवयीची सिस्टर पोट चाचपते तेव्हा बरगडीखाली तिच्या बोटांना टणक, गोल, हलकेच ढकललं की डुलणारं डोकं लागतं. ठोके बेंबीच्या वर ऐकू येतात. शंका आली की सोनोग्राफी. ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात पोटावरूनच बाळ फिरवून बघता येतं, साधारण निम्म्या वेळा ते जमतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते.

अडतं कुठे, तर ऊसतोडीला गेलेल्या बाईपाशी. तिच्या पिशवीतला कागद सातव्या महिन्याचा असतो, आणि कळा सुरू झाल्यावर सगळे त्याच कागदावर भरवसा ठेवतात. फडावरून आलेल्या बाईचं पोट आशाताईंनी पहिल्याच दिवशी सिस्टरकडून तपासून घ्यावं. बाळ आडवं निघालं तर कळांची वाट न बघता जालन्याच्या स्त्री रुग्णालयात दाखवून बाळंतपण कुठे करायचं ते ठरवावं. आणि घरीच पाणी फुटलं तर तिला चालवू नये. कुशीवर निजवून लगेच १०८ ला फोन करावा.