खुर्ची मिळाली, पण पुस्तक कुठंय?

काटोलसारख्या गावात अभ्यासिकेत जागा मिळवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी लवकर जा, बॅग ठेवा, चार्जिंगचा पॉइंट गाठा! पण एक सांगा, तुमच्या वाचनालयाच्या कपाटात कोणती पुस्तकं आहेत, हे मोबाइलवर बघता येतं का? संत्र्यावरची किती आहेत, हे दोन मिनिटांत कळलं तर एखादा बागायतदारही पायरी चढेल की. पण बहुतेक तालुक्यांत उत्तर ठरलेलं: रजिस्टर बघा.

यावर आपण म्हणतो, भाऊ, हे नागपूर-पुण्याचं काम, सॉफ्टवेअरला पैसा लागतो. मला हे पटत नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच अडणार होतं. त्यांनी १९९९मध्ये नवं बनवून घेतलं आणि जगाला मोफत देऊन टाकलं. नाव ‘कोहा’, माओरी भाषेत भेट! आज भारतातली कितीतरी ग्रंथालयं तेच वापरतात.

बरं, शिकायचं कुठून? डीआरडीओ म्हटलं की आपल्याला क्षेपणास्त्रं आठवतात. त्याच डीआरडीओची दिल्लीतली संस्था ‘डेसिडॉक जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ नावाचं नियतकालिक काढते. दर दोन महिन्यांनी अंक, वर्गणी नाही. पीडीएफ उघडा नि वाचा. ‘कोड फोर लिब जर्नल’ही असंच खुलं, २००७पासून चालू. त्यात ग्रंथालयांत काम करणारे प्रोग्रामर आपलं काम चक्क कोडसकट मांडतात.

‘ओपन ॲक्सेस’ म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. त्यांचंही चूक नाही. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशी दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. पण तिथं लेखकाचा खिसा तपासतात, लेख नाही. चांगल्या खुल्या जर्नलमध्ये लेख आधी जाणकारांच्या नजरेखालून जातो. हा फरक ओळखायला शिका, एमलिब करणाऱ्यांनी तर आधी.

हे एवढं का सांगतोय? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५मध्ये सुरू झालं. तीन वर्षांचे सहा हजार कोटी, सुमारे १३ हजार जर्नल्स. मस्तच! पण ते सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. तालुक्यातली बरीच कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची. त्यातल्या अनुदानित कॉलेजांसाठी ‘इन्फ्लिबनेट’ची एन-लिस्ट आहे, पण तिचं लॉगिन कॉलेजमार्फत मिळतं. तुमच्याकडे आहे? नसेल तर उद्याच ग्रंथपाल सरांना विचारा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना खुल्या जर्नल्सचाच आधार.

अडचण आहेच. ही दोन्ही जर्नल्स इंग्रजीत, आणि त्यातले प्रश्न बरेचदा मोठ्या विद्यापीठांचे. लाइट गेल्यावर अभ्यासिकेचं काय होतं, मराठी पुस्तकांची नावं कॉम्प्युटरवर तीन-तीन प्रकारे कशी टाइप होतात, हे कोण लिहिणार? तिथं रोज बसणाराच लिहू शकेल. प्रबंधाला विषय सापडत नाही म्हणून रडत असाल, तर हा घ्या. एक जुना कॉम्प्युटर मागा, त्यावर कोहा टाका, रजिस्टरमधली पहिली शंभर पुस्तकं भरा आणि कुठं कुठं अडलं ते लिहून ठेवा.