पंचवीस मिनिटांत पुणे

२०१८ साली भाच्याचा फोन आला. "मामा, हायपरलूप येतेय म्हणतात. त्या बाजूला प्लॉट घेऊ का?" मी म्हटलं, "घे की! सरकारने करार केलाय, आता राहिलं काय?" त्या सल्ल्याचे हप्ते तो अजून भरतोय. मला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागतं. दोष ना कंपनीचा, ना सरकारचा. सल्ला माझा होता.

राहिलं काय? जवळजवळ सगळंच राहिलं होतं!

फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीशी करार केला. मुंबई-पुणे पंचवीस मिनिटांत. मूळ कल्पना इलॉन मस्क यांनी २०१३ मध्ये मांडलेली. लांबलचक नळी, आतली बहुतेक हवा काढलेली आणि त्यातून विमानाच्या वेगाने धावणारा डबा. विज्ञानाच्या विरुद्ध यात काही नाही, म्हणून तर मी फसलो. पण 'अशक्य नाही' आणि 'बांधता येईल' यांच्यामध्ये अख्खा बोरघाट आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मी भाषेचा मास्तर. तरी पोलाद तापलं की लांबतं, हे शाळेच्याच पुस्तकातलं. एक किलोमीटर पोलाद एका अंशाला साधारण १२ मिलिमीटर वाढतं. नळी १२० किलोमीटरची धरा आणि पहाट ते दुपार २० अंशांचा फरक. सगळी वाढ मिळून जवळजवळ २९ मीटर! रुळांच्या सांध्यात फट ठेवता येते. इथे फट पडली की हवा आत. बाहेरून दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा दाब असतोच. यावर उपाय नाही असं नाही, पण तो पूर्ण लांबीवर, वर्षानुवर्षं टिकतो हे कोणी दाखवलं होतं?

आणि माणसं किती जाणार? मस्क यांच्या आराखड्यात एका डब्यात २८ जण, सरासरी दोन मिनिटांना एक डबा. म्हणजे तासाला ८४०. आपली एखादी एक्स्प्रेस एका खेपेत हजारावर माणसं नेते. हा गुणाकार मी चौथीच्या मुलांकडून करून घेतला असता. स्वतः मात्र केला नाही.

करार झाला तेव्हा त्या डब्यात एकही माणूस बसलेला नव्हता. पहिली दोन माणसं बसली नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेत नेवाडात. मार्ग ५०० मीटरचा, वेग ताशी १७२ किलोमीटर. २०२३ च्या अखेरीस कंपनीच बंद झाली.

कोणी म्हणेल, बोरघाटातून आगगाडी जाईल असं तरी कोणाला वाटलं होतं? खरंय. पण १८६३ मध्ये ती गेली, त्याआधी इंग्लंडात तीस वर्षं आगगाड्या माणसं वाहत होत्या. नवा होता तो घाटाचा चढ, गाडी नव्हे. तरीसुद्धा त्या कामात हजारो मजुरांचे जीव गेले. इथे तर गाडीही नवी आणि घाटही.

म्हणून नव्याला हसावं असं मुळीच नाही. मद्रास आयआयटीच्या मुलांनी चारशे मीटरहून थोडी लांब चाचणी-नळी उभारली आहे. मला तो क्रम बरोबर वाटतो. आधी अंगणात चालून दाखवायचं, मग गावाला जायचं.

परवा भाच्याचा पुन्हा फोन. आता हवेत उडणाऱ्या टॅक्सीचं काहीतरी. "मामा, पैसे घालू का?" या वेळी मी 'घे' म्हटलं नाही, 'नको'ही म्हटलं नाही. तीन प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. यातला सगळ्यात अवघड भाग कोणता, आणि तो कोणी पूर्ण आकारात करून दाखवलाय का? चालली तरी किती माणसांच्या उपयोगाची? आणि नाही झाली, तर बुडणारे पैसे कोणाचे?

तिसऱ्या प्रश्नावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "मामा, हे तेव्हा विचारलं असतंत तर..."

मी काय बोलणार? असो.