तंबोरा वाचवायचा, तर संगणक जुनाही चालेल

घरातल्या कॅसेट आणि तबकड्या सीडीवर घ्यायच्या ठरल्या की बहुतेक जण आधी संगणकाच्या दुकानात जातात. तिथे किती रॅम, कोणता प्रोसेसर अशी चौकशी सुरू होते आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच संपतो. हा पैसा चुकीच्या जागी जातो.

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, या हिशेबाने नोंदलेला असतो. स्टिरिओसाठी मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. एवढं काम ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही सहज करतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी रायटर नसतो, तो यूएसबीने जोडता येतो.

खरी अडचण आवाज संगणकात शिरतो तिथे आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक यांचं मिळून एकच भोक असतं आणि त्यातला माइक मोनो असतो. टेपडेकची वायर त्यात घातली, की स्टिरिओ गेला आणि वरच्या पट्टीत आवाज फाटला. म्हणून लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावाच.

तबकडीला त्याआधी फोनो प्रीअँप हवा. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट बाहेर पडतात. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबलेला आणि तार आवाज उचललेला असतो. प्रीअँप ते पूर्ववत करतो. तो नसला तर डग्ग्याचा घुमारा जातो आणि झांज तेवढी कानात घुसते. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांची खाच रुंद, त्यामुळे त्यांना सुईही वेगळी लागते. एलपीची सुई तिच्या तळाला जाऊन नुसती खरखर गोळा करते.

सर्वांत मोठं नुकसान मात्र संगणकाच्या आगाऊ मदतीने होतं. व्हिडिओ कॉलसाठी दिलेली 'नॉइज सप्रेशन'ची सोय एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते. तंबोरा तर एकसारखाच वाजत असतो! टेपची सरसर काढता काढता तंबोऱ्याचे स्वर विरतात आणि गायक पोकळीत गातो आहे असं वाटू लागतं. ही सोय आधी बंद करावी. मुद्रणानंतर सफाई करायचीच, तर ती प्रतीवर आणि बेताची. थोडी सरसर राहिली तर राहू द्यावी.

चार्जरमुळे गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण डिजिटलमध्ये फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. टेपडेकचं हेड आधी पुसावं.

वेळेची काटकसर इथे नाही. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते, आणि ८० मिनिटांच्या सीडीवर ती मावत नाही. रागाचा विस्तार मध्येच तोडण्यापेक्षा दोन बाजूंच्या दोन सीडी कराव्यात.

आणि सीडीलाच मूळ प्रत मानू नये. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झची शिफारस करते; संग्रहालयांत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ रूढ आहे. त्या दर्जाचा तासभर आवाज सुमारे २ जीबी होतो. ती वेव्ह फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि सीडी तिच्यावरून काढावी. सुरुवात घरगुती मुद्रणापासून करावी: आजीच्या ओव्या, गावातलं कीर्तन, बारशातलं गाणं. नाट्यगीतांच्या विकत घेतलेल्या एलपी नंतर घेतल्या तरी चालतील, त्यांच्या प्रती इतरांकडेही असतात.